सावलींतील बरसीम व त्याचीं मुळें

ज्याच्या विहिरीस पाणी आहे, गोठ्यांत दोन-चार दुभतीं जनावरें आहेत, जमीन मात्र मोजकीच आहे, अशा शेतकऱ्याची दृष्टि आंब्याच्या ओळींमधील मोकळ्या पट्ट्याकडे वळल्यावांचून राहत नाहीं. तेथें बरसीम पेरलें असतां हिवाळाभर ओल्या चाऱ्याची सोय होईल, हा विचार आमच्याही मनांत आला. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां पीकपाहणीचे कागद पुष्कळ तपासले. परंतु स्वतःच्या बारा गुंठ्यांत काय होईल तें कागदावरून कळत नाहीं.

पहिल्या वर्षीं कार्तिकांत पेरणी केली. बीं चांगलें उगवलें. महिनाभरानें उघड्यावरील रोपें बुटकीं व पिवळट, तर झाडांखालचीं उंच व लुसलुशीत दिसूं लागलीं. सावली ह्या पिकास मानवते, असा निष्कर्ष काढून आम्हीं तो चारचौघांत सांगितलाही. पहिली कापणी होतांच तो खोटा ठरला. उघड्यावरील खुंटांस थोडाबहुत फुटवा आला. सावलींतील निम्मे खुंट पुन्हां फुटलेच नाहींत. त्या पौषांत म्हशींस विकतचा कडबा घालावा लागला.

मग दोन्हीकडचीं रोपें कुदळीनें ढेकळासह खणून काढून पाण्यांत धुतलीं. (ओढून उपटल्यास मुळांवरील गांठी मातींतच तुटून राहतात, म्हणून हा खटाटोप.) उघड्यावरील रोपाचीं मुळें लांब, बारीक व दाट होतीं. सावलींतील रोपाचा देंठ वीतभर असून मूळ मात्र करंगळीएवढेंही नव्हतें.

ह्याचें कारण जमाखर्चाच्या भाषेंत सांगणें आम्हांस सोपें वाटतें. पानांत सूर्यप्रकाशानें तयार होणारी साखर हीच रोपाची जमा. सावलींत ती घटते, तेव्हां रोप उरलेली शिल्लक उजेड गांठण्यावर खर्च करतें; देंठ लांबवतें, पानें रुंद व पातळ करतें, आणि मुळांच्या वांट्यास फारच थोडें येतें. जमीन निकस असली म्हणजे ह्याच्या उलट घडतें. स्फुरद कमी पडला कीं रोप मुळांवरील खर्च वाढवतें. मुळें बारीक होऊन दूरवर पसरतात, त्यांवर केसासारखे तंतू वाढतात, व मातींतील एक प्रकारची उपकारक बुरशीही मुळांशीं जोडली जाऊन त्यांस स्फुरद पुरवते. ह्या दोन्ही युक्त्या स्वतंत्रपणें चांगल्या आहेत. परंतु सावली आणि निकस जमीन हीं दोन्ही एकाच ठिकाणीं आलीं, कीं एकाच तुटपुंज्या शिलकेवर दोन सावकारांचा तगादा लागतो. आमच्या आंब्याखालीं नेमकें हेंच झालें होतें. त्यांत आंब्याचीं स्वतःचीं मुळें पाण्याचे वांटेकरी होतींच.

आतां गांठींविषयीं. द्विदल पिकांच्या मुळांवरील गांठींतले जीवाणु हवेंतील नत्र पिकास मिळवून देतात, हें जर्मनींत हेलरीगेल व विल्फार्ट ह्यांनीं १८८६ सालीं दाखवून दिलें. परंतु हे जीवाणु फुकट राबत नाहींत. त्यांस मोबदला साखरेंतच द्यावा लागतो. म्हणून सावलींत गांठी थोड्या व लहान राहतात. गांठ नखानें चिरून पाहावी. आंत गुलाबी असल्यास ती काम करीत आहे असें समजावें. पांढरी किंवा हिरवट असल्यास नाहीं.

आमच्या रोपांवर, उघड्यावर काय किंवा सावलींत काय, गुलाबी गांठ एकही आढळली नाहीं. ह्या जमिनींत पूर्वीं अनेक वर्षें लसूणघास व मेथी होती, तेव्हां जीवाणु असणारच, असें आम्हीं गृहीत धरलें होतें. तें चुकलें. मेथीचे व लसूणघासाचे जीवाणु एका जातीचे, बरसीमचे निराळ्या जातीचे. बरसीम हें मूळचें मिसर देशांतील पीक. सिंधमध्यें तें विसाव्या शतकाच्या आरंभीं आलें. ज्या शेतांत तें पूर्वीं कधीं झालें नाहीं, तेथें त्याचे जीवाणु बहुधा नसतात व बियाण्यास चोळूनच द्यावे लागतात. बीं विकणाऱ्यानें ही गोष्ट काढली नाहीं, आणि आम्हींही विचारली नाहीं. त्यावर पिवळेपणा पाहून आम्हीं युरिया टाकला, ही दुसरी चूक. आयता नत्र मिळाला कीं रोप गांठी धरण्याचें टाळतें.

दुसऱ्या वर्षीं बीं प्रथम मिठाच्या पाण्यांत टाकून वर तरंगणारें कासनीचें बीं काढून टाकलें, चांगल्या पाण्यानें धुतलें, आणि गुळाच्या पाण्यांत कालवलेलें बरसीमचें जीवाणुसंवर्धन चोळून सावलींत सुकवलें. पेरणीपूर्वीं गुंठ्यास पांच किलो सिंगल सुपर फॉस्फेट मातींत मिसळलें. झाडाखालीं ऊन आणणें आपल्या हातीं थोडेंच आहे. खालच्या फांद्या छाटल्या तेवढेंच. परंतु स्फुरद दिल्यानें दोहोंपैकीं एक तगादा तरी मिटतो. दक्षिण ऑस्ट्रेलियांत माउंट बार्करजवळ एमस हॉवर्ड ह्यांनीं १८८९ सालीं हेरलेलें बरसीमच्याच कुळांतील एक गवत पुढें तेथील निकस कुरणांवर पसरलें, तेंही सुपर फॉस्फेटच्याच आधारानें.

कापणीचाही नियम बदलला. कापल्यावर रोपाची जमाच बंद होते, कांहीं गांठी गळतात, व नवीन पालवी मुळांतील सांठ्यावर येते. सावलींत हा सांठा अल्प असतो. म्हणून उघड्यावर महिन्यानें विळा लावला, तर सावलींत दीड महिन्यानें, आणि चार बोटें खुंट राखून. उघड्यावर पांच कापण्या मिळाल्या, विरळ सावलींत तीन. त्या हिवाळ्यांत कडबा विकत आणला तो फक्त बरसीममध्यें मिसळण्यापुरता. कारण नुसतें कोंवळें बरसीम उपाशी जनावरास घातल्यास पोट फुगतें.

बुंध्यालगतच्या दाट सावलींत मात्र दुसऱ्या वर्षींही कांहीं साधलें नाहीं. तेथें आम्हीं बरसीमचा नाद सोडून गिनी गवताचे ठोंब लावले आहेत. त्यांची हकीकत पाऊसकाळ सरल्यावर कळवूं.