मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर एक, वेळा वेगळ्या

भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडलं, तर रेघ अल्जीरियाच्या वाळवंटावरून जाते. आता पृथ्वीच्या गोलावर त्याच दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो तुर्कमेनिस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलंड असा उत्तरेकडे चढतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी वळून कॅनडामार्गे खाली येतो. घरात गोल असेल तर मुलांना हे जरूर करून दाखवा.

दोऱ्याची ही वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा, गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता. तो भरतो साधारण 12,500 किलोमीटर. पट्टीच्या रेघेने गेलं तर 14,000 च्या वर. सपाट नकाशा ध्रुवांकडचा भाग ताणून दाखवतो, म्हणून जवळची वाट तिथे उगाच लांबची भासते.

लांब पल्ल्याचं विमान ताशी 900 किलोमीटरच्या आसपास उडतं. भागाकार केला की 14 तास येतात. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरणं यांचा अर्धा तास धरा. पण हा हिशेब वारा नसताना आणि वाट मोकळी असताना.

वारा तर असतोच, आणि तो दोन्ही दिशांना सारखा नसतो. या वाटेवरच्या मध्यम अक्षांशांवर, दहाएक किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. ताशी 100 किलोमीटरचा वारा समोरून आला तर विमानाचा जमिनीवरून मोजलेला वेग 800 होतो, पाठीमागून आला तर 1,000. म्हणून अमेरिकेला जाताना लागणारा वेळ परतीपेक्षा तास-दोन तासांनी जास्त असतो. हिवाळ्यात हे वारे अधिक जोरात वाहतात.

वाटही नेहमी मोकळी नसते. 2022 पासून अमेरिकी विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं, एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना पाकिस्तानचं. मग वळसा, जादा इंधन आणि काही वेळा मध्येच इंधनासाठी थांबा. नुसत्या अंतराच्या आकड्यात हे दिसत नाही, त्यामुळे त्यावरून फक्त अंदाज बांधावा, प्रवासाचा नेमका वेळ ठरवू नये.

राहिला घड्याळाचा गोंधळ. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. जानेवारीत मुंबईहून रात्री एकला निघून 16 तास उडालात, तर तिथे त्याच तारखेची पहाटे साडेसहाची वेळ असेल. उलट, तिथून दुपारी बाराला निघून 14 तास उडालात, तर मुंबईत दुसऱ्या दिवशीचे दुपारी साडेबारा वाजलेले असतील.

अमेरिकेतल्या मुलांकडे पहिल्यांदा निघालेल्या आईवडिलांनी औषधांच्या वेळा ठरवताना तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी करू नये. प्रवासाचे तास बहुतेक तिकिटांवर वेगळे छापलेले असतात. तेच धरावेत आणि गोळ्यांचं वेळापत्रक निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.