डोळा पाहतो, ओळखतो मेंदू

पहाटे मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या गाड्या खाली होऊ लागतात, तेव्हा शेजारच्या वस्तीत आईबापांची कामावर निघायची घाई असते. कोणी हमालीला, कोणी गाळ्यावर माल निवडायला. लहान मूल आजीजवळ किंवा थोरल्या बहिणीजवळ राहते. लिंबू कोणते, मोसंबी कोणती, हे त्याला कोणी समोर बसवून शिकवत नाही. तरी तीन वर्षांचे होईपर्यंत ते पोत्यातून अर्धवट डोकावणारा कांदाही ओळखते. हे कसे घडते?

नवजात बाळाला जेमतेम वीतभर अंतरावरचे बरे दिसते. म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा. तीन-चार महिन्यांत ते हलती वस्तू नजरेने धरते, मग हात घालते, तोंडात घालते. डोळ्याने पाहिलेले आणि हाताने चाचपलेले मेंदू एकत्र जोडतो. दीड वर्षाचे मूल लिंबू, टोमॅटो, चेंडू सगळ्यांना ‘बॉल’ म्हणते. ही चूक नव्हे. मेंदू आकारावरून गट पाडायला शिकत असतो.

शाळेत गेल्यावर मूल ३ च्या जागी ६ लिहिते. त्याला मारू नका. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तोच, हे मेंदू आधी शिकलेला असतो. अक्षरांना आणि अंकांना हा नियम चालत नाही, हे उमगायला वेळ लागतो. बहुतेक मुलांची ही गल्लत सात-आठ वर्षांपर्यंत जाते.

पण हे शिकायला मेंदूला स्पष्ट चित्र मिळाले पाहिजे. डॉ. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ने आपल्या देशातल्या जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर उपचार केले. ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर त्यांना दिसू लागले. पण हाताने चाचपलेला ठोकळा नुसता पाहून ओळखता येईना. काही दिवसांतच ते जमू लागले. म्हणजे उशीर झाला तरी आशा असते. मात्र उशिरा दिसू लागलेल्यांची नजर बहुधा पूर्ण तीक्ष्ण होत नाही. म्हणून दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळाचे ऑपरेशन पहिल्या दोन महिन्यांतच व्हावे, असे डॉक्टर सांगतात.

तिरळे मूल भाग्याचे, मोठे झाले की आपोआप सुधारेल, असे आजही ऐकू येते. हा समज मुलाचे नुकसान करतो. दोन डोळ्यांची दोन चित्रे जुळत नाहीत, तेव्हा मेंदू एका डोळ्याचे चित्र टाकून देतो. पुढे तो डोळा दिसायला धड, पण नजरेला अधू राहतो. चष्मा किंवा चांगल्या डोळ्यावर पट्टी, हा उपचार सात वर्षांच्या आत सर्वांत चांगला लागू पडतो.

पुढील खुणा दिसल्या तर थांबू नका:

• बुबुळाच्या मधला काळा भाग पांढरा दिसणे
• तीन महिन्यांनंतरही चेहऱ्याकडे न पाहणे
• चार महिन्यांनंतरही डोळा तिरळा राहणे
• एक डोळा झाकला की मूल रडणे
• मान वाकडी करून किंवा वस्तू डोळ्याजवळ नेऊन पाहणे

काजळ, अंगारा, नजर उतरवणे यांत दिवस घालवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलांना तपासते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. शंका असेल तर पथकाची वाट न पाहता ससूनच्या नेत्रविभागात दाखवा.

खेळणी विकत आणायची गरज नाही. कांदा, बटाटा, वाटी, चमचा मुलाच्या हातात द्या, नाव सांगा, फिरवून दाखवा. शेंगदाणा, चिंचोका मात्र देऊ नका, घशात अडकतो. दोन वर्षांखालच्या मुलाला मोबाइल नको. कामावरून आल्यावर त्याच्याशी बोलत निवडलेली जुडीभर मेथी हाच त्याचा पहिला धडा.