हाँगकाँगची सरकारी नोकरी: ‘स्थानिक’ आणि ‘परदेशी’ अटींविषयीचे गैरसमज

ब्रिटिश अमदानीत हाँगकाँगच्या सरकारी सेवेत एकाच हुद्द्यावरचे दोन अधिकारी वेगवेगळ्या सेवाशर्तींवर काम करत. एकाची नेमणूक ‘स्थानिक’ अटींवर, तर दुसऱ्याची ‘परदेशी’ अटींवर झालेली असे. ही दुहेरी व्यवस्था विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस मोडली. ती कशी मोडली, याविषयी मात्र अनेक चुकीचे समज रूढ आहेत.

परदेशी अधिकाऱ्याला पगारच जास्त मिळे, हा त्यांतला सर्वांत पक्का समज. निदान शेवटच्या दशकांत तसे नव्हते. पदाची मूळ वेतनश्रेणी दोघांना एकच होती. तफावत होती ती घर, रजा आणि मायदेशी जाण्यायेण्याचा प्रवासखर्च अशा सवलतींत. मुलांना विलायतेत शिकवण्यासाठीचा भत्ता पुढे स्थानिक अधिकाऱ्यांनाही मिळू लागला आणि 1 ऑगस्ट 1996 पासूनच्या नव्या नेमणुकांना तो बंद झाला.

स्थानिकीकरण, म्हणजे परदेशी अधिकाऱ्यांच्या जागी स्थानिक अधिकारी नेमणे, हा चीनच्या दबावाचा परिणाम होता, असेही म्हटले जाते. पण प्रशासकीय सेवेतला पहिला चिनी अधिकारी, पॉल त्सुई, 1948 मध्येच नेमला गेला होता. वरच्या जागांवर स्थानिक अधिकारी यायला त्यानंतर चार दशके लागली, हा विलंब नोंद घेण्यासारखा आहे. ली क्वान-हा 1989 मध्ये पोलीस आयुक्त झाले, अँसन चान 1993 मध्ये मुख्य सचिव आणि डोनाल्ड त्सांग 1995 मध्ये वित्त सचिव.

समान हक्कांची लढाई फक्त स्थानिक कर्मचाऱ्यांनी लढवली, हा समज तर वस्तुस्थितीच्या बराच उलट आहे. परदेशी अटींवरचे बरेच अधिकारी मुदतीच्या करारावर असत. लायक स्थानिक उमेदवार मिळाला की कराराचे नूतनीकरण होईलच, याची शाश्वती नसे. त्यांतले कित्येक जण हाँगकाँगचे कायम रहिवासी झालेले होते. 1991 मध्ये हक्कांचा कायदा आला, तेव्हा भेदभावाविरुद्धचे हत्यार त्यांच्याच हाती आले. सरकारने 1993 मध्ये अशा रहिवाशांना स्थानिक अटींवर येण्याची वाट खुली केली. आपली बढती अडेल या भीतीने स्थानिक कर्मचाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि त्या वाटेवर घातलेल्या अटींविरुद्ध परदेशी कर्मचाऱ्यांची संघटना न्यायालयात गेली. दोन्ही बाजूंची तक्रार अन्यायाचीच होती आणि दोन्हींत तथ्य होते. पिढ्यान्‌पिढ्यांचा भेदभाव भरून काढायचा, तर आज समोर असलेल्या माणसाला त्याच्या मूळ देशावरून मागे ठेवता येते का, हा प्रश्न खरोखर अवघड होता.

1 जुलै 1997 रोजी हाँगकाँग चीनच्या ताब्यात गेले, तेव्हा विदेशी अधिकाऱ्यांना घरी पाठवले गेले, हेही खरे नाही. हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याच्या कलम 100 ने सेवेतल्या सर्वांची नोकरी आणि ज्येष्ठता राखली. पगार, भत्ते व सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी नसाव्यात, अशी हमीही दिली. कलम 101 ने विभागांचे सचिव व उपसचिव, ब्यूरोंचे संचालक, भ्रष्टाचारविरोधी आयुक्त, लेखापरीक्षण संचालक आणि पोलीस, इमिग्रेशन व कस्टम्स यांचे प्रमुख एवढी पदे परदेशात वास्तव्याचा हक्क नसलेल्या, कायम रहिवासी चिनी नागरिकांसाठी राखली. सलग सात वर्षे राहून कायम रहिवासी झालेल्या भारतीय नागरिकालाही बाकीची सरकारी सेवा खुली राहते.

कलम 100 मुळे पगार कधीच कमी करता येत नाही, असे कर्मचारी मानत. मंदीच्या काळात सरकारने कायदा करून पगार कापले, तेव्हा प्रकरण अंतिम अपील न्यायालयात पोहोचले. न्यायालयाने 2005 मध्ये कपात वैध ठरवली, कारण कापलेला पगारही रोख रकमेत 30 जून 1997 च्या पातळीखाली गेला नव्हता.

दोन्ही अटींच्या जागी ‘समान अटी’ आल्या त्या 1 जानेवारी 1999 पासून, आणि फक्त नव्या नेमणुकांसाठी. जुन्यांच्या शर्ती त्यांच्याबरोबर निवृत्तीपर्यंत चालू राहिल्या. त्यामुळे एकाच कार्यालयात वेगवेगळ्या शर्ती पुढेही दिसत राहिल्या. फक्त त्या आता मूळ देशावरून नव्हे, तर नेमणुकीच्या तारखेवरून ठरू लागल्या. 1 जून 2000 पासून रुजू होणाऱ्यांना तर निवृत्तिवेतनाऐवजी भविष्य निर्वाह निधी लागू झाला.