जुना वॉकमन घेताना : बेंगळुरूचा रविवार बाजार आणि दुरुस्तीचे शास्त्र

बेंगळुरूच्या चिकपेट भागात, बी. व्ही. के. अय्यंगार रस्त्याच्या परिसरात दर रविवारी सकाळी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. पदपथावर अंथरलेल्या चादरींवर घड्याळे, चार्जर, हत्यारे आणि रेडिओ यांच्या गर्दीत अधूनमधून एखादा वॉकमनही दिसतो. तेथून जवळच सदर पत्रप्पा रस्ता आहे. सारे शहर त्याला एस. पी. रोड या नावानेच ओळखते. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची ही दक्षिण भारतातील एक मोठी पेठ होय. मुंबईकरांनी चोरबाजार आणि लॅमिंग्टन रोड यांची जोडी आठवावी. एकीकडे जुने यंत्र मिळते, तर दुसरीकडे ते चालू करण्याचे साहित्य.

सोनी कंपनीने १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये पहिला वॉकमन विक्रीस आणला. त्याची किंमत ३३ हजार येन होती. त्यात ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती, त्यामुळे तो खपेल का, याविषयी अनेकांना शंका होती. ती फोल ठरली. कॅसेटवर चालणाऱ्या वॉकमनचे जपानमधील उत्पादन २०१० मध्ये थांबले, तोपर्यंत जगभरात २० कोटींहून अधिक वॉकमन विकले गेले होते. पुढे आलेला आयपॉड २००१ ते २०२२ असा एकवीस वर्षे टिकला. आज ही दोन्ही यंत्रे जुन्या बाजारातच शोधावी लागतात.

खरेदीदार कोण असतात? काही संग्राहक असतात, काहींना गतकाळाचे आकर्षण असते. मात्र तिसऱ्या प्रकारच्या खरेदीदाराची गरज अधिक निकडीची असते. त्याच्या घरी एखादी कॅसेट असते आणि ती वाजविण्याचे साधन नसते. बाजारात विकल्या गेलेल्या संगीताच्या कॅसेटचे बरेचसे ध्वनिमुद्रण आज अन्य मार्गाने ऐकता येते. आजीच्या ओव्या, वडिलांचे भाषण किंवा परगावी धाडलेले बोलके पत्र यांची मात्र जगात एकच प्रत असते.

प्रस्तुत लेखिकेचा अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. आजीच्या ओव्यांची १९८८ सालची साठ मिनिटांची कॅसेट घरात होती. पदपथावर घेतलेल्या वॉकमनमध्ये ती त्याच संध्याकाळी घातली गेली. कडक झालेल्या रबरी रोलरने फीत आत ओढली आणि वीतभर भाग चुरगळला. विक्रेत्याचा त्यात काही दोष नव्हता, घाई आमची होती. म्हणून पहिला नियम असा की, नव्याने आणलेल्या जुन्या यंत्रात आरंभी बिनमहत्त्वाचीच कॅसेट घालावी.

बाजारात जाताना दोन ताजे पेन्सिल सेल, एक टाकाऊ कॅसेट आणि हेडफोन बरोबर न्यावेत. प्रथम सेलचा कप्पा उघडावा. आत पांढरा किंवा हिरवट थर दिसल्यास सेल पाझरले आहेत असे समजावे. थर थोडा असेल तर व्हिनेगरच्या थेंबाने व नंतर स्पिरिटने तो निघतो. गंज आतील पट्टीपर्यंत गेला असेल तर ते यंत्र सोडून द्यावे. बटण दाबल्यावर मोटरची घरघर ऐकू येते, पण चक्र्या फिरत नाहीत, हा दोष दिसावयास गंभीर असला तरी बहुधा साधाच असतो. बेल्ट सैल झालेला किंवा तुटलेला असतो. याउलट, मोटर गप्प असेल तर कारण शोधण्यातच दिवस जातात. माल कोठून आला हेही विचारावे, शक्य असल्यास पावती घ्यावी. चोरीची वस्तू जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे.

दुरुस्तीचा मुख्य विषय बेल्ट हाच. त्याचे रबर कालांतराने सैलावते, काही यंत्रांत तर वितळून डांबरासारखे चिकट होते. तो चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या बोळ्यांनी पूर्णपणे काढल्याशिवाय नवा बेल्ट घालू नये. जुना बेल्ट ताणलेला असल्याने त्याच्या मापाने नवा घेणे चुकीचे ठरते. चाकांभोवतीच्या मार्गाचे माप दोऱ्याने घ्यावे आणि बेल्ट त्याहून किंचित लहान निवडावा. फार घट्ट बेल्टने मोटरवर ताण येतो आणि सूर डगमगतात. रोलर चकचकीत व टणक झाला असेल तर पुसून भागत नाही, तो बदलावाच लागतो.

कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकावी लागते. वेग वाढला तर आवाज बारीक होतो, मंदावला तर घोगरा. मोटरजवळच्या लहान स्क्रूने तो जुळविता येतो. ठरावीक वारंवारतेचा स्वर मुद्रित केलेली चाचणी कॅसेट असेल तर हे काम नेमके होते. ती नसल्यास साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू सुमारे तीस मिनिटांत संपते का, हे घड्याळावर पाहावे.

एका बाजूचा आवाज क्षीण येत असेल तर बहुधा कपॅसिटर पाझरलेले असतात. १९८० च्या दशकाअखेरपासूनच्या सडपातळ यंत्रांत हे भाग तांदळाच्या दाण्याएवढे असतात आणि ते बदलणे हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कुशल कारागिराकडे गरम हवेचे डाग देण्याचे यंत्र असते, हे काम त्याच्याकडेच द्यावे. जुन्या आयपॉडमध्ये चिंता वेगळी असते. फुगलेली लिथियम बॅटरी टोचू नये, दाबू नये. १.८ इंची हार्ड डिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसविण्याची सोय अनेक हौशी मंडळी करून घेतात. काढलेली बॅटरी कचऱ्यात न टाकता अधिकृत इ-कचरा केंद्राकडे द्यावी. बेंगळुरूजवळ दाबसपेट येथे २००५ मध्ये सुरू झालेले इ-परिसरा हे देशातील अशा आरंभीच्या केंद्रांपैकी एक आहे.

घरगुती ध्वनिमुद्रण जतन करणे एवढाच हेतू असेल, तर आमच्या मते वॉकमनपेक्षा घरात ठेवण्याचा चांगला कॅसेट डेक उसना मिळविणे श्रेयस्कर. त्याची गती अधिक स्थिर असते. कॅसेट वाजविण्यापूर्वी तिच्या पाठीमागील दोन्ही लहान टिकल्या मोडाव्यात, म्हणजे चुकून तिच्यावर पुन्हा ध्वनिमुद्रण होणार नाही. बुरशीचे पांढरे ठिपके दिसत असल्यास ती यंत्रात घालूच नये. अन्यथा एकदा शेवटपर्यंत आणि परत अशी फीत गुंडाळून घ्यावी, मग संगणकाला जोडून एका दमात उतरवावी.

आमच्या कॅसेटची पहिली बाजू अशा रीतीने सत्तावीस मिनिटांची निघाली. दुसऱ्या बाजूचा चुरगळलेला भाग बोटांनी हलकेच सरळ केला आहे. तेथे दीड ओवी अस्पष्ट ऐकू येते.