भाड्याचं सरकारी ऑफिस, आतलं फर्निचर आणि सोमवारची दुपार

सरकारी कामांवरचा मागचा व्हिडिओ टाकला आणि दोन दिवसांत हिंगोली जिल्ह्यातल्या एका फॅब्रिकेशनवाल्या तरुणाचा फोन आला. "सर, एका ऑफिसनं नवीन जागा भाड्यानं घेतली. साहेबांनी फोनवर सांगितलं, पार्टिशन टाक, आठ टेबलं दे, मार्च एंडला बिल काढू. मी उधारीवर माल आणून काम केलं. मार्च गेला, साहेबांची बदली झाली. आता नवे साहेब म्हणतात, कार्यारंभ आदेश दाखवा."

तो कागद त्याच्याकडे कधी आलाच नव्हता.

अशी कामं आपल्याकडे निघतच राहणार. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. तालुके पाच, आणि नवीन योजना आली की तिला ऑफिस लागतं. सरकारी इमारत रिकामी नसेल तर खाजगी जागा भाड्यानं घेतात. मुंबईतही तेच होतं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागल्यावर काही विभागांना बाहेर जागा शोधावी लागली होती.

आता पैसा कसा फिरतो ते बघा. आधी सार्वजनिक बांधकाम विभाग भाडं वाजवी असल्याचा दाखला देतो. मग भाडेकरार होतो. आतल्या कामाचं अंदाजपत्रक दरसूचीप्रमाणे बनतं, त्याला प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता लागते. रकमेप्रमाणे दरपत्रकं किंवा ई-निविदा निघते. नंतर कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेत नोंद आणि शेवटी बिल. टेबल, खुर्ची, कपाट असा सुटा माल जडसंग्रह नोंदवहीत चढतो.

खरी गोम इथंच आहे. टेबल-खुर्ची उद्या ऑफिस हललं की सोबत जाते. पार्टिशन, फॉल्स सीलिंग, फरशी, भिंतीतलं वायरिंग मात्र बहुतेक वेळा तिथंच राहतं, म्हणजे घरमालकाकडे. पैसा जनतेचा, इमारत खाजगी! म्हणून भाडेकरारातली कलमं बघायची. आतलं काम कुणी करायचं? मालक करणार असेल तर त्याच्या बदल्यात भाडं वाढवलंय का? करार किती वर्षांचा? तीन वर्षांच्या करारावर भारी सीलिंग चढवलं असेल, तर प्रश्न विचारायलाच हवा. एकच काम चार तुकड्यांत दाखवून निविदेची मर्यादा चुकवली असेल तर तेही नियमात बसत नाही.

मोंढ्यात हळदीचा लिलाव सगळ्यांसमोर होतो, ढीग बघून बोली लागते. सरकारी फाईलही उघडी असते, फक्त आपण तिथं जात नाही. राज्य सरकारच्या सामान्य प्रशासन विभागानं २६ नोव्हेंबर २०१८ ला काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या ऑफिसांत, स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. मी कितीतरी धंदेवाल्यांना हे सांगितलं. निम्म्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

प्रत हवी असेल तर माहिती अधिकार अधिनियम, २००५. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर १५० शब्दांच्या आत, विषय एकच. अर्ज स्वतःच्या नावानं करा, फर्मच्या नावानं नको, कारण हा हक्क नागरिकाचा आहे. "सगळी माहिती द्या" असं लिहू नका. भाडेकरार, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, जडसंग्रह नोंद, एवढंच मागा. उत्तराला ३० दिवस. नाही आलं तर पहिलं अपील. याच कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. म्हणजे अंदाजपत्रकात १८ एमएम प्लाय लिहिलाय आणि बसवलाय १२ एमएम, हे कुणीही नागरिक पकडू शकतो.

"पण सर, असं विचारत बसलो तर आपल्याला काम कोण देईल?" हा प्रश्न मला दर बॅचमध्ये येतो. भीती खोटी नाही. लहान गावात तोंडं ओळखीची असतात. पण उलट बाजूही बघा. जुनं अंदाजपत्रक वाचलं की कोणत्या कामाला किती दर धरतात हे कळतं, आणि पुढच्या वेळी दरपत्रक भरताना अंधारात हात घालावा लागत नाही. आणि उद्या काम तुम्हाला मिळालं, तर तुमचाही प्लाय कुणीतरी मोजणार. तो हिशोब धरूनच दर भरा.

उद्यम नोंदणी मात्र ऑर्डर घेण्याआधी करा. पुरवलेल्या मालाचे पैसे लेखी करारानुसार, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचं बंधन २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे, उशीर झाला तर व्याजही आहे. नंतर केलेल्या नोंदणीचा फायदा आधीच्या ऑर्डरला मिळत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये म्हटलं होतं.

आपला तरुण पुढच्या सोमवारी तीन वाजता त्या ऑफिसात जाऊन बसला. फाईलमध्ये पार्टिशनचं अंदाजपत्रकच नव्हतं. पण जडसंग्रह नोंदवहीत आठ टेबलं क्रमांकासकट चढलेली होती. त्यानं त्या पानाच्या प्रतीसाठी अर्ज केला, प्रत हातात आल्यावर टेबलांच्या बिलाची लेखी मागणी आवक क्रमांक घेऊन दिली. त्याची फाईल आता लेखा शाखेत आहे. पार्टिशनचे पैसे कुठून मागायचे, हे आम्ही दोघं अजून शोधतोय.