एकाचा प्रश्न, अनेकांचे शहाणपण



बोनकोडे गावठाणात राहणाऱ्या प्रत्येकापाशी एखादी अशी माहिती असते, की जी कोणत्याही कचेरीतील नकाशावर सापडत नाही. पावसात कोणाच्या उंबऱ्याला पाणी आधी लागते, कोणते गटार दरवर्षी त्याच वळणावर तुंबते, पूर्वी खाडीचा फाटा कोठवर येत असे, हे सारे आपल्यातील कोणा ना कोणाला ठाऊक असते. ही माहिती ज्याची त्याच्यापाशी सुटी सुटी पडून आहे. ती एकत्र आली तर तिचे काय होऊ शकते, हे या लेखात सांगण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

इंटरनेटवर एखादा प्रश्न जाहीरपणे मांडावयाचा, ज्याला उत्तर सुचेल त्याने ते पाठवावयाचे, मग तो कोठलाही असो व कितीही शिकलेला असो, या पद्धतीला 'क्राउडसोर्सिंग' म्हणतात. जेफ हाव या अमेरिकन पत्रकाराने २००६ साली हा शब्द रूढ केला. शब्द नवा असला तरी रीत जुनी आहे. समुद्रात जहाज पूर्व-पश्चिम नेमके कोठे आहे हे कळत नसल्याने जहाजे बुडत, म्हणून १७१४ साली ब्रिटिश पार्लमेंटने उपाय सांगणाराला २०,००० पौंडांपर्यंतचे बक्षीस लावले. मोठमोठे खगोलशास्त्रज्ञ आकाशाकडे पाहत राहिले आणि उत्तर दिले ते जॉन हॅरिसन या मूळच्या सुताराने, समुद्रातही अचूक चालणारे घड्याळ बनवून. मात्र बक्षिसाच्या पैशांसाठी त्याला १७७३ सालापर्यंत झगडावे लागले. तेव्हा तो ऐंशी वर्षांचा होता. हा भाग लक्षात ठेवावा, कारण पुढे तो पुन्हा येणार आहे.

आता पर्यावरणाचे उदाहरण घेऊ. मार्च १९८९ मध्ये 'एक्झॉन वाल्डेझ' हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात गेले. थंड प्रदेशात सांडलेले तेल गोळा करून तराफ्यांवर घेतले तरी ते पाण्यासह गोठून घट्ट होते आणि पंपाने उपसता येत नाही, ही तेथील अडचण होती. तेल-उद्योगातील जाणत्यांना मार्ग सापडेना. अखेर तेथील तेलगळतीविषयक संस्थेने 'इनोसेंटिव्ह' नावाच्या संकेतस्थळावर हा प्रश्न बक्षीस लावून मांडला. २००७ साली उत्तर आले ते जॉन डेव्हिस या रसायनशास्त्रज्ञाकडून. तेल-उद्योगाशी त्याचा संबंध नव्हता. त्याने काँक्रीट ओतण्याचे काम मात्र जवळून पाहिले होते. स्लॅब टाकताना काँक्रीट घट्ट होऊ नये म्हणून त्यात व्हायब्रेटरची नळी घालतात व ते पुन्हा पातळ होऊन सळयांमध्ये बसते, हे आपल्या वस्तीतील बांधकामावर जाणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. तेच यंत्र गोठत्या तेलात घाला, असे त्याने सुचविले. त्याबद्दल त्याला २०,००० डॉलर मिळाले.

आम्हाला यातील बक्षिसापेक्षा प्रश्नाची मांडणी अधिक महत्त्वाची वाटते. 'समुद्र स्वच्छ कसा करावा?' असे विचारले असते तर निबंध आले असते. 'थंडीत घट्ट होणारे तेल पातळ कसे ठेवावे?' असे विचारले, म्हणून व्हायब्रेटर आला. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेने २००९ साली 'क्लायमेट कोलॅब' नावाने हवामान-बदलावर जगभरातून उपाय मागविण्यास प्रारंभ केला. पुढे लाखाहून अधिक लोकांनी त्यात नावे नोंदविली व चांगल्या सूचनाही आल्या. पण सूचना जमविणे आणि ती कोणीतरी हाती घेऊन पार पाडणे यांत अंतर असते. आपल्याकडे २०१४ साली केंद्र सरकारने 'मायगव्ह' संकेतस्थळावरून स्वच्छ भारत अभियानासाठी बोधचिन्ह मागविले. निवड झाली ती कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी काढलेल्या गांधीजींच्या चष्म्याची. चित्र उत्तमच आहे. कचऱ्याचा उपाय मात्र चित्राइतक्या लवकर मिळत नाही, हे आपण रोज पाहतो.

या पद्धतीची महाराष्ट्रातील खरी कसोटी आमच्या मते चंद्रपूर जिल्ह्यात लागली. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे हे दलित समाजातील शेतकरी. जेमतेम तिसरीपर्यंत शिक्षण, जमीन दीड एकर. १९८३ साली आपल्या धानाच्या बांधीत काही लोंब्या इतरांहून वेगळ्या, पिवळसर असल्याचे त्यांच्या नजरेस आले. त्यांनी त्या वेगळ्या काढून ठेवल्या, पुढल्या हंगामात निराळ्या लावल्या आणि वर्षामागून वर्ष निवड करीत बारीक दाण्याचे, चांगला उतारा देणारे वाण सिद्ध केले. बाजारात धान आले तेव्हा त्याला नाव नव्हते. त्या काळी एच.एम.टी. घड्याळांची चलती होती, म्हणून व्यापाऱ्याने तेच नाव ठेवले. आज आपण दुकानात एच.एम.टी. तांदूळ मागतो तो हाच.

१९९४ साली कृषी विद्यापीठाने हे बियाणे प्रयोगासाठी नेले व १९९८ मध्ये 'पी.के.व्ही. एच.एम.टी.' या नावाने त्याचे वाण प्रसारित केले. आपल्याला योग्य ते श्रेय व मोबदला मिळाला नाही, ही खोब्रागडे यांची तक्रार अखेरपर्यंत होती. वाण कित्येक राज्यांत पसरले, पण ते शोधणारा गरिबीतच राहिला. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे नाव देशापुढे आणले ते लोकांचे शोध गोळा करणाऱ्या एका चळवळीने. अहमदाबादच्या आय.आय.एम.मधील प्राध्यापक अनिल गुप्ता यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'हनी बी नेटवर्क' सुरू केले. गावोगाव पायी हिंडून शेतकरी, कारागीर, गुराखी यांचे उपाय टिपून घ्यावयाचे, सांगणाराचे नाव व गाव त्यासोबत लिहावयाचे आणि ते त्यांच्याच भाषांतून त्यांच्यापर्यंत परत पोचवावयाचे, असा त्यांचा दंडक. मधमाशी मध नेते पण फूल ओरबाडीत नाही, म्हणून हे नाव. मधमाशीचा दृष्टान्त धम्मपदातही आहे, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. याच कामातून २००० साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान उभे राहिले व २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते खोब्रागडे यांचा गौरव झाला. हॅरिसन सुतार आणि खोब्रागडे यांच्यात अडीचशे वर्षांचे अंतर आहे, पण हक्काची दाद मिळविताना दोघांचेही आयुष्य सरले. म्हणून इंटरनेटवर माहिती देणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही आग्रहाने सांगतो, की कोणाकडून गोष्ट कळली त्याचे नाव, त्याची संमती घेऊन, नोंदीत लिहा. आजीने सांगितले असेल तर आजीचे लिहा.

आता घराजवळ येऊ. आपल्या पश्चिमेची ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाली व २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. तेथील पक्ष्यांच्या नोंदी सामान्य माणसेच मोबाईलवरून 'ई-बर्ड'वर करीत असतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांचा अहवाल अशाच नोंदींवर उभा आहे. ३०,००० हून अधिक पक्षीनिरीक्षक, सुमारे ३ कोटी नोंदी आणि ९४२ जातींचा अभ्यास. एकट्या सरकारी खात्याला हे कधी जमले असते? मात्र यात एक खोट आहे. नोंद करणारा जेथे जातो तेथलीच नोंद होते. दुर्बीण घेतलेली मंडळी खाडीकाठी जातात, गावठाणाच्या गल्लीत येत नाहीत. मग नकाशावर आपली जागा कोरी राहते आणि कोरी जागा म्हणजे तेथे काही अडचण नाही, असा अर्थ काढला जातो. आम्हाला या कामात उतरावेसे वाटते ते मुख्यतः या कारणाने.

आपली अडचण पाण्याची आहे. नवी मुंबईचा बराच भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीहून खाली असल्याने सिडकोने शहर वसविताना होल्डिंग पाँड म्हणजे धारण तलाव बांधले. भरती आली की खाडीच्या दाबाने झडपा मिटतात व शहरातील पावसाचे पाणी तळ्यात थांबते. ओहोटी लागली की झडपा उघडून ते खाडीत जाते. खारजमीन कसणाऱ्या जुन्या आगरी मंडळींना यात नवे काही नाही. त्यांच्या बांधावरची उघाडी याच तत्त्वावर चाले. तळ्यात गाळ भरला की पाणी साठविण्याची जागा घटते. गाळावर खारफुटी उगवते आणि ती तोडण्यास कायद्याची आडकाठी आहे. ती योग्यच आहे. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरविला. म्हणजे एकीकडे उंबऱ्याशी आलेले पाणी आणि दुसरीकडे किनारा राखणारी तिवरे. खारफुटी राखून तळ्याची साठवण कशी वाढवावी, हा आमचा अलास्काचा प्रश्न समजा. त्याचे उत्तर कोणा मिठागरवाल्यापाशी, कोळ्यापाशी किंवा परदेशातील कोणा अभियंत्यापाशी असू शकेल.

पण तो जगापुढे मांडण्याआधी आपला दोष नेमका कोठे आहे हे आपल्याला माहीत हवे. आय.आय.टी. मुंबईने २०२४ च्या पावसाळ्यात मुंबईसाठी पूरविषयक संकेतस्थळ व ॲप आणले, त्यात पावसाच्या अंदाजासोबत आपल्या ठिकाणी पाणी किती चढले हे नागरिकांनी कळविण्याची सोय ठेवली. त्या धर्तीवर साधी वही आणि दोन-चार मोबाईल एवढ्यावर आपल्यालाही सुरुवात करता येईल. 'गल्लीत पाणी भरते' ही तक्रार झाली, नोंद नव्हे. पाणी चढले ती वेळ व त्या दिवशीची भरतीची वेळ शेजारी शेजारी लिहिली की ती नोंद होते. दोन भरतींमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. भरतीला पाणी चढले व ओहोटीला आपोआप उतरले, तर शोध झडपेकडे आणि तळ्याकडे घ्यावयाचा. ओहोटी असूनही पाणी हलत नसेल तर बहुधा आपलेच गटार तुंबलेले आहे, आणि त्यासाठी अलास्कापर्यंत जाण्याची गरज नाही.

फोटो काढताना कोणाचा चेहरा वा घराची पाटी येऊ देऊ नये. पाण्याची उंची मापपट्टीने, निदान पायरीने सांगावी. 'गुडघाभर' म्हणजे कोणाचा गुडघा, हा वाद नको. एका जागेची नोंद दोघांनी निरनिराळी करावी, म्हणजे चूक कळते. ज्यांच्याकडे मोबाईल नाही, विशेषतः वडीलधाऱ्या बायका, त्यांच्यापाशी विद्यार्थ्यांनी बसून लिहून घ्यावे. दुपारी घरात असणाऱ्या त्याच, आणि २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, पाणी कोणत्या बाजूने आत आले होते हेही त्याच सांगू शकतात.

वहीत पाच रकाने पुरेत: तारीख, भरतीची वेळ, पाणी चढल्याची वेळ, उतरल्याची वेळ, आणि सांगणाराचे नाव. पहिली नोंद जूनमधील पहिल्या उधाणाच्या दिवशी करावी.