जुन्या ट्रॅक्टरचा पी.टी.ओ. : सील बदलण्याआधी शाफ्ट हलवून पाहा



गळीत हंगामात ट्रॅक्टर ट्रॉल्या ओढण्यात गुंतलेला असतो, पी.टी.ओ.कडे कुणाचं लक्ष जात नाही. तोड उरकून रोटाव्हेटर नाहीतर पाचट कुट्टी जोडली, की मागून तेल गळू लागते. मिस्त्री ऑईल सील बदलतो आणि आठ दिवसांत पुन्हा तेच! यात दोष सीलचा कमीच असतो, असे आमचे मत आहे.

मुंबई उपनगरात कांदिवलीला इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया बी-२७५ ट्रॅक्टर बनवीत असे. १९६३ साली स्थापन झालेली ही कंपनी १९७७ साली महिंद्र अँड महिंद्रमध्ये विलीन झाली. असे जुने ट्रॅक्टर ज्यांच्या दारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत.

इंजिन बंद करून पी.टी.ओ. शाफ्ट हाताने वर-खाली हलवा. खडखड हलला, तर बेअरिंग गेलं समजा. त्यावर नवे सील टिकणार नाही. बेअरिंग जाण्याचे एक मोठे कारण म्हणजे अवजाराचा जोड-शाफ्ट लांब असणे. अवजार वर-खाली करताना त्याच्या नळ्या एकमेकींत पूर्ण शिरून टेकतात आणि सगळा रेटा बेअरिंगवर येतो. दोन्ही नळ्या सारख्याच कापाव्यात. मात्र अवजार कुठल्याही उंचीवर असो, नळ्या किमान एक तृतीयांश एकमेकींत राहिल्या पाहिजेत.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. शाफ्टच्या खाचांवर आधी चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर धारेने सीलचा ओठ कापतो. जुन्या सीलने शाफ्टवर चर पाडला असेल, तर जागा बघून नवे सील दोन-तीन मिलिमीटर पुढे-मागे बसवावे.

लोड येताच पी.टी.ओ. सुटत असेल, तर आधी लिव्हरच्या पिना बघा. त्या झिजल्या, की लिव्हर पुरता जात नाही. पिना ठीक असल्या, तर आतले दाते झिजले असण्याचा संभव. ते काम वर्कशॉपचे. एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरवर क्लच दाबताच पी.टी.ओ. थांबतो, तो बिघाड नव्हे. उगाच गिअर बॉक्स खोलू देऊ नका.

दुरुस्तीला काढलेले गार्ड मात्र परत बसवाच. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा किंवा पदर अडकला, तर क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. फिरत्या शाफ्टवरून कुणी ओलांडायचे नाही. ग्रीस भरायचे तेही इंजिन बंद करून, चावी खिशात ठेवून.